उबदार खोलीत योगासनं: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत ती कशी करायची

दिवाळी उलटून पहाटे जरा गारवा सुटला की वर्गात विचारणा सुरू होते, ‘ताई, खोली गरम करून आसनं करायची आहेत, कुठला हीटर घेऊ?’ खरं तर हीटर हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी खोली, हवेतला दमटपणा, तुमची तब्येत आणि आसनांचा क्रम हे सगळं ठरायला हवं. बहुतेकांची गडबड इथेच होते. थंड, कोरड्या देशातले व्हिडिओ पाहून तीच पद्धत वर्तकनगरच्या किंवा नेरुळच्या फ्लॅटमध्ये जशीच्या तशी उचलली जाते. मग कुणाला चक्कर येते, कुणाचं डोकं दिवसभर ठणकतं, तर कुणाच्या मांडीमागचा स्नायू महिनाभर दुखत राहतो.

हा लेख मध्यम उबदार खोलीबद्दल आहे, म्हणजे साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअस. ‘हॉट योगा’च्या नावाखाली ४० अंशांपर्यंत तापवलेल्या खोलीत दीड तास घाम गाळायचा प्रकार वेगळा. तो घरी करू नका.

## १. आधी स्वतःची तपासणी

पुढच्यांपैकी काहीही लागू असेल तर गरम खोलीत आसनं नकोत, साध्या खोलीत करा: गर्भारपण, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, पूर्वी कधी ऊन लागून आजारी पडलेलं असणं, ताप, जुलाब, आदल्या रात्रीचं जागरण किंवा मद्यपान. मधुमेह असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं. पाण्याबद्दल मी पुढे जे लिहिलं आहे ते त्यांच्यासाठी नाही.

गोळ्यांचा विचार लोक करतच नाहीत. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांमुळे घाम येण्यावर किंवा शरीर थंड होण्यावर परिणाम होतो. गोळी मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना सरळ विचारायचं, ‘मी बत्तीस अंशांच्या खोलीत पाऊण तास व्यायाम केला तर चालेल का?’ आकडा सांगून विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं.

उपवासाच्या दिवशी खोली तापवायची नाही. निर्जळी एकादशीला तर मुळीच नाही. नवरात्रात नऊ दिवस फलाहारावर असलेल्या कितीतरी बायका याच काळात नेटानं योगा सुरू करतात. त्यांनी पंखा लावून साधी आसनं करावीत.

थांबा आणि तपासा: सकाळची लघवी गडद पिवळी आहे? म्हणजे अंगात पाणी आधीच कमी आहे. आजचा दिवस साध्या खोलीचा.

## २. दोन आकडे मोजा, एक नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा जरा सविस्तर सांगते.

घाम आला म्हणजे शरीर थंड होतं, हा समज अर्धवट आहे. घाम *वाळला* तर शरीर थंड होतं. हवेत आधीच ओल असेल तर घाम नुसता ओघळतो, मॅटवर टपकतो आणि आतली उष्णता आतच राहते. त्यामुळे नुसतं तापमान पाहून काहीच ठरवता येत नाही, सोबत आर्द्रता पाहावी लागते.

उष्णता आणि दमटपणा एकत्र धरून अंगाला किती गरम जाणवेल हे सांगणारा हीट इंडेक्सचा तक्ता असतो. त्यात ३२ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर अंगाला साधारण ३५ अंशांसारखं जाणवतं. तेच ३२ अंश ७० टक्के आर्द्रतेत ४१ अंशांसारखे होतात. म्हणजे थर्मामीटर जागचा हललेला नाही आणि खोली मात्र धोक्याची झाली. त्यातही हा तक्ता सावलीत सावकाश चालणाऱ्या माणसासाठी आहे, सूर्यनमस्कार घालणाऱ्यासाठी नाही.

आता हे आपल्या हवेला लावून पाहा. जानेवारीत पहाटे ठाण्यातल्या एखाद्या खोलीत २१ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता आहे असं धरा. ती खोली ३१ अंशांपर्यंत तापवली की हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेत जास्त पाणी मावतं, म्हणून आर्द्रतेचा आकडा ३६ टक्क्यांच्या आसपास उतरतो. घाम छान वाळतो. हीच खोली जूनमध्ये २९ अंश आणि ८० टक्क्यांवर असते. तिथे हीटर लावून ३२ अंश केले तरी आर्द्रता ६७ टक्क्यांच्या खाली येत नाही. हीटर तोच, माणूस तोच, पण एका खोलीत व्यायाम होतो आणि दुसरीत माणूस आजारी पडतो.

म्हणून माझा नियम साधा आहे:

- डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच्या पहाटे: गरज असेल तर हीटर.
- मार्चपासून पावसाळा सुरू होईपर्यंत: हीटर नाही. खोली आपोआपच तापलेली असते. उलट ती ३२ च्या खाली कशी राहील ते बघा, लागलं तर एसी २८ वर ठेवा.
- पावसाळा: हीटर नाही. एसीच्या ‘ड्राय’ मोडवर आधी ओल काढा, मग आसनं.
- ऑक्टोबर: दुपार आणि संध्याकाळ टाळा, पहाटे साध्या खोलीत करा.

तापवल्यावरही आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहत असेल तर त्या खोलीत हीटर लावायचा नाही. महिना कोणताही असो.

‘आम्हाला सवय आहे उकाड्याची’ असं काका लोक हमखास म्हणतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघातानं चौदा जणांचा जीव गेला. तिथे ऊन होतं, खोलीत ऊन नसतं, हे खरं. पण ती माणसं व्यायाम करत नव्हती, नुसती बसलेली होती. दमट किनारपट्टीवर उष्णता कमी लेखू नका. आणि सवयीचं म्हणाल तर ऐरोलीच्या आयटी पार्कात दिवसभर एसीत बसणाऱ्याला उकाड्याची सवय राहिलेलीच नसते.

मीटर कुठे ठेवायचा: तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मीटर घ्या. भिंतीवर, खिडकीत किंवा हीटरशेजारी ठेवू नका. मॅटच्या डोक्याकडच्या बाजूला, कंबरेएवढ्या उंचीच्या स्टुलावर ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वाचा. गरम हवा वर जाते, त्यामुळे उभं असताना डोक्याशी जास्त तापमान असतं आणि शवासनात जमिनीशी कमी. मीटर टीव्हीच्या कपाटावर, छताजवळ ठेवलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे. तिथला आकडा त्या कपाटाचा असतो, तुमचा नाही.

## ३. खोलीची तयारी

दहा बाय बाराची बेडरूम एका माणसाला पुरते. पश्चिमेकडची खोली संध्याकाळी निवडू नका. दिवसभर ऊन खाल्लेली भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. खाडीच्या बाजूला, पाम बीच रोडच्या आसपास किंवा कोलशेतकडे राहत असाल तर पहाटेही आर्द्रता जास्त मिळू शकते. शेजारच्या घरातला आकडा धरू नका, आपला आपण मोजा.

हीटर तेलाचा, म्हणजे ऑइल हीटर असेल तर उत्तम. लाल तारांचा उघडा हीटर नको. टॉवेल किंवा ओढणी लागली तर पेट घेते. दोन हजार वॅटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढतो. साधा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. म्हणून गिझर किंवा एसीसाठी असतो तसला सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंटच वापरा, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. तासाभराला दोन युनिट जळतात, तेही हिशोबात धरा.

इथे चूक जिवावर बेतते: बंद खोलीत कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी किंवा गॅसवर चालणारा हीटर कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणूस शवासनातच राहतो.

हीटर अर्धा-पाऊण तास आधी लावा. त्या वेळात दार बंद, खिडकी बंद. आसनं सुरू करताना स्लायडिंगची एक फट, साधारण चार बोटं, उघडी ठेवा. लोकांना वाटतं उष्णता वाया जाते. थोडी जाते, पण तुमच्या श्वासातून आणि घामातून निघणारी वाफही तिथूनच बाहेर पडते. फट नसेल तर अर्ध्या तासात मीटरवर आर्द्रता कशी चढते ते एकदा स्वतः बघाच.

जमिनीवर गुळगुळीत टाइल्स असतील तर मॅटखाली ओलावा जाऊ देऊ नका. मॅटवर सुती टॉवेल किंवा पंचा पसरा. हातापायाला घाम सुटला की अधोमुख श्वानासनात तळवे पुढे सरकतात आणि मनगट दुखावतं.

## ४. पाणी, खाणं, कपडे

पोटभर जेवण तीन तास आधी. पहाटे करणार असाल तर उठल्यावर अर्धं केळं किंवा दोन खजूर पुरतात. पोहे नंतर.

पाणी दोन तास आधीपासून घोटाघोटानं, मिळून साधारण अर्धा लिटर. पहाटे दोन तास आधी कुणी उठत नाही, हे मला ठाऊक आहे. मग रात्री झोपताना एक पेला आणि उठल्यावर एक. सुरू करायच्या तोंडावर तांब्याभर पाणी ढोसू नका, पुढे वाकताना मळमळतं. चहा आधी नको.

कपडे पातळ आणि मोकळे. जाड सुती टी-शर्ट घाम धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो. घाम जास्त यावा म्हणून प्लास्टिकचं जॅकेट किंवा कंबरेला घट्ट पट्टा बांधणाऱ्यांना एकच सांगणं: ते वजन पाण्याचं असतं, संध्याकाळपर्यंत परत येतं. घामातून ‘विषारी द्रव्यं’ निघून जातात हेही डोक्यातून काढा. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. बाकीची कामं यकृत आणि मूत्रपिंड करतात.

सुरू करण्यापूर्वी कमीत कमी कपड्यांत वजन करून लिहून ठेवा. हे शेवटी लागणार आहे.

## ५. पहिले दोन आठवडे

उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी बत्तीस अंशांत पाऊण तास करायचा नसतो.

पहिले चार-पाच दिवस २७ ते २८ अंश आणि वीस मिनिटं. त्यात त्रास झाला नाही तर २९ ते ३० अंश आणि अर्धा तास. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ३१-३२ अंश आणि पाऊण तास. त्यापुढे वाढवायचं काही कारण नाही. एका दिवशी तापमान वाढवलं तर त्या दिवशी वेळ वाढवायची नाही. आठवडाभर गावी जाऊन आलात किंवा आजारी पडलात, तर परत २८ वर या.

## ६. पाऊण तासाचा क्रम

थंड खोलीत आपण आसनांनी शरीर तापवतो. इथे खोली आधीच तापलेली असते, म्हणून जोर सुरुवातीला नको आणि शेवटी तर नकोच.

पहिली पाच मिनिटं: सुखासनात किंवा मांडी घालून नुसतं बसायचं. नाकानं श्वास. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं गरम खोलीत करायचं नाही. जलद श्वासानं गरगरतं, आणि ती गरगर कपालभातीची की उष्णतेची हे मग कळत नाही. ते प्राणायाम दुसऱ्या वेळी, पंख्याखाली.

पाच ते पंधरा: ताडासन, मान आणि खांद्यांच्या हालचाली, कटिचक्रासन, मग मार्जारासन. त्यानंतर संथ सूर्यनमस्कार, जास्तीत जास्त चार. बारा घालायची सवय असली तरी चारच. प्रत्येकानंतर उभं राहून दोन श्वास.

पंधरा ते तीस: उभी आसनं. त्रिकोणासन, वीरभद्रासन, वृक्षासन. प्रत्येक बाजूला चार-पाच श्वास, मध्ये ताडासनात थांबा. उत्तानासनातून, म्हणजे उभ्यानं पुढे वाकलेल्या स्थितीतून, वर येताना गुडघे किंचित वाकवून, हात मांड्यांवर टेकत, डोकं सगळ्यात शेवटी उचला. उष्णतेनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि रक्तदाब उतरलेला असतो. झटक्यात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. वर्गात येणारी चक्कर बहुतेक वेळा याच क्षणी येते.

थांबा आणि तपासा, तिसावं मिनिट: तोंडानं श्वास घ्यावा लागतोय? एक पूर्ण वाक्य सलग बोलता येत नाही? मग पुढची आसनं सोडा आणि सरळ शवासनाकडे जा. मीटर बघा. आकडा ३३ च्या वर किंवा आर्द्रता साठच्या वर गेली असेल तर हीटर तिथेच बंद.

तीस ते पस्तीस: हीटर काहीही झालं तरी आता बंद करा. भुजंगासन, सेतुबंधासन. शीर्षासन आणि सर्वांगासन या खोलीत नको. घामानं हात घसरतात आणि मान दुखावते.

पस्तीस ते चाळीस: जानुशीर्षासन, पश्चिमोत्तानासन. इथे एक सावधगिरी. ऊब मिळाली की स्नायू सैल वाटतात आणि ताण कमी जाणवतो. रोज बोटं नडगीपर्यंत जाणारा माणूस पाऊल धरतो आणि खूश होतो. दुसऱ्या दिवशी बसण्याच्या हाडाखाली, मांडीच्या मुळाशी बारीक कळ सुरू होते आणि ती लवकर जात नाही. तुमची मर्यादा साध्या खोलीत जिथे आहे, तिच्या दोन बोटं अलीकडेच इथे थांबा. पायावर साध्या खोलीतली जागा पेनानं खूण करून ठेवली तर फसायला होत नाही. माझ्या वर्गातल्या एक काकू खरंच अशी खूण करतात, आणि इतर जण त्यांना हसायचे थांबलेत.

शेवटची पाच ते आठ मिनिटं: खिडकी पूर्ण उघडून शवासन. शवासन गाळून लगेच आंघोळीला पळणारे पुष्कळ असतात. हृदयाचे ठोके खाली यायला हाच वेळ लागतो.

## ७. त्रास झाला तर

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, गरगरणं, किंवा भर उकाड्यात अंगावर काटा येणं: यांपैकी एक जरी जाणवलं तरी ‘एवढं एक आसन करून’ नाही, लगेच थांबा. खोलीबाहेर या, आडवे व्हा, पाय उशीवर घ्या, पंखा लावा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, विचारलेल्याचं भलतंच उत्तर दिलं, झोकांड्या गेल्या किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, पंखा जोरात लावा. तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून फुफ्फुसात जाईल. अंग घामानं ओलं आहे म्हणजे उष्माघात नाही, असं मानू नका. व्यायामातून झालेल्या उष्माघातात घाम येत असतो.

म्हणूनच गरम खोलीत एकट्यानं घरी करत असाल, तर दाराला आतून कडी लावू नका, आणि घरात कुणीतरी जागं असू द्या.

## ८. क्लासला जाणार असाल तर

पैसे भरण्याआधी एक चक्कर मारा, तीही वर्ग चालू असताना. दारातून आत पाय टाकताच चष्म्यावर वाफ धरली, तर ती खोली नको. मग तीन गोष्टी विचारा: आर्द्रता मोजता का आणि मीटर कुठे आहे, ताजी हवा कुठून येते, आणि मध्येच बाहेर जाऊन बसलेलं चालतं का. एका खोलीत पंधरा जण घाम गाळत असतील तर तेच पंधरा जण हवा दमट करत असतात. पहिल्या दहा मिनिटांतला आकडा शेवटच्या दहा मिनिटांत उरत नाही. ‘बाहेर जायचं नाही, सहन करायला शिका’ असं सांगणाऱ्या वर्गात जाऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो.

## ९. नंतरचा तास

अंग पुसा, कोरडे कपडे घाला, पंधरा मिनिटं साध्या हवेत बसा. थेट सोळा अंशांच्या एसीखाली जाऊ नका आणि कढत पाण्यानं आंघोळही नको. कोमट किंवा साधं पाणी घ्या.

आता पुन्हा वजन करा. जेवढं कमी झालं तेवढं पाणी गेलं: अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर. पुढच्या दोन-तीन तासांत त्याच्या सव्वापट ते दीडपट भरून काढा. नुसतं पाणी लिटरच्या लिटर पिणं बरोबर नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत किंवा कोकम सरबत चालेल. घाम फारच गेला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण अंदाजानं वाढवू नका. रक्तदाबाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा.

वजनातली घट एकूण वजनाच्या दोन टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सव्वा किलो उतरलं, तर ती शाबासकीची गोष्ट नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या, आणि त्यानंतर तापमान दोन अंशांनी व वेळ दहा मिनिटांनी कमी करा. वजन, तापमान, आर्द्रता आणि किती वेळ केलं, हे चार आकडे वहीत रोज एका ओळीत लिहा. पंधरा दिवसांच्या ओळी एकाखाली एक पाहिल्या की तुमच्या खोलीत, तुमच्या शरीराला कुठला आकडा झेपतो ते त्या वहीतच सापडेल.